नरसूच्या नायनाची वाट : गोष्टीतल्या मुलासाठी सोलापूरकरांची मदत हवी

ओंजळ

नमस्कार मंडळी. गेलं वर्षभर एक दीर्घकथा लिहितेय, तिचा एक भाग इथे आधी दिलाय, आणि आता अडले आहे. सोलापूरचे लोक इथे बरेच आहेत म्हणून धागा काढते.

गोष्टीतला मुलगा नरसू. वय आठ, तिसरीत आहे. घर अशोक चौकाच्या पुढे, पूर्व भागात. वडील यंत्रमागावर होते. इथला कारखाना बंद पडल्यावर अडीच वर्षांपूर्वी भिवंडीला गेले. पहिल्या वर्षी गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला आले, पोराला होम मैदानावर पाळण्यात बसवलं, दोन दिवस राहून परत गेले. मग पैसे कमी येऊ लागले, मग फोन कमी झाले आणि आता दोन्ही बंद. आई विड्या वळते. घरात म्हातारी आजी आहे. वडिलांबद्दल घरात कुणीच बोलत नाही.

नरसूला वडिलांचा नंबर पाठ आहे. शेजारच्या काकूंचा फोन मिळाला की तो लावतो. नंबर सेवेत नाही अशी बाई बोलते. ती मराठीत बोलते, हिंदीत बोलते, इंग्रजीत बोलते. तिचं सगळं ऐकून झाल्यावरच तो फोन ठेवतो. एवढा एक प्रसंग मला मनासारखा उतरलाय असं वाटतं.

अडचण अशी की ज्यांना वाचायला दिलं त्यांनी सांगितलं, नरसू फार शहाणा झालाय. आईला त्रास देत नाही, हट्ट करत नाही, खिडकीत बसून वाट बघतो. वाचून कीव येते, पण मूल दिसत नाही. त्यांचं म्हणणं मला पटलं आणि झोप उडाली. या मुलाला नेमकं काय हवंय हेच मला कळलेलं नाही. मी सात रस्त्याच्या बाजूला वाढले, आता पुण्यात असते, पूर्व भाग फक्त चादरी आणायला जाण्याइतकाच माहीत. आई गप्प का, वडील फोन का बंद करतात, शेवटी त्यांना परत आणायचं का, हेही ठरत नाहीये.

पूर्वभागकर

ताई, आधी शब्दांचं सांगतो. तुम्ही दिलेल्या भागात नरसू "बाबा" म्हणतो. पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकरांच्या घरातलं पोर बाबा म्हणणार नाही. "नायना" म्हणेल. आईला अम्मा, आजीला अव्वा. शाळेत मराठी, घरात तेलुगू, गल्लीत दोन्हीची खिचडी आणि मित्राला "काय करलालास बे" हे आमचं सोलापुरी. ह्या "बे"मध्ये शिवी नाही, माया आहे, हे बाहेरच्या वाचकाला कळेल असं लिहा.

दुसरं असं की आमच्या बोळात निदान पाच घरातली माणसं भिवंडीला होती. तिथं पद्मानगरात आपलीच माणसं भरलेली आहेत. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं बसायचं, पहाटे कल्याणला उतरायचं, तिथून भिवंडी. त्यातली दोन माणसं परत आलीच नाहीत. पण त्यांच्या घरात "सोडून गेला" असं कुणी म्हटलेलं मी आजवर ऐकलेलं नाही. "भिवंडीला आहे" एवढंच म्हणायचे. दहा वर्षं झाली तरी "आहे"च. नरसू त्या "आहे"मध्ये अडकलाय असं मला वाटतं. गेला म्हणावं तर आहे, आहे म्हणावं तर दिसत नाही.

आणखी एक. मागावर आडवा दोरा नेणारा लाकडी धोटा असतो, त्यातली दोऱ्याची कांडी संपली की नवी घालून दोरा धोट्याच्या भोकातून ओढून घ्यावा लागतो. बरेच कामगार तो तोंडानं ओढून घेतात, भोकाला ओठ लावून. ओठावर रंग आणि कापसाची किटण बसते. माझ्या वडिलांच्या ओठाला कायम बसलेली असायची. तुम्हाला उपयोग झाला तर बघा.

शेंगापोळी

वाचतेय. फोनच्या प्रसंगाला अंगावर काटा आला. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

खडू_फळा

मी प्राथमिक शिक्षिका आहे, एकोणीस वर्षं झाली. शाळेचं नाव लिहीत नाही, पण भाग तोच आहे.

वडील दूर असलेली मुलं खिडकीत बसत नाहीत हो. निदान माझ्या वर्गात कधी बसली नाहीत. ती पोटात दुखतंय म्हणतात. दर सोमवारी दुखतं. दुसऱ्याच्या डब्यातलं न विचारता खातात, आणि घरी खायला नसतं म्हणून नव्हे. एक मुलगा होता, त्याला चपलेचा अंगठा तुटला की माझ्याकडे यायचं नसायचं, वरच्या वर्गाच्या सरांकडेच जायचं असायचं. वर्गात खिळा होता, हातोडी होती, मी केलं असतं. त्याला चप्पल दुरुस्त करून हवी नव्हती. एक मोठा पुरुष खाली वाकून आपल्या पायाशी बसलाय हे बघायचं होतं. हे कळायला मला वर्ष लागलं. त्याआधी मी त्याला रागावले होते, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

तुमचा नरसू भांडकुदळ असू द्या. खोटं बोलू द्या. "माझा नायना मला घड्याळ आणणार आहे" असं वर्गात सांगू द्या, आणि कुणी "कधी बे?" म्हटलं की त्याच्या पोटात गुद्दा घालू द्या.

आणि नावाचा विचार केलात का? आपल्याकडे मुलाच्या नावामागे वडिलांचं नाव येतं. पटावर, प्रगतिपुस्तकावर, प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर. जो माणूस दिसत नाही त्याचं नाव हे मूल रोज स्वतःच्या हातानं लिहितं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नावही लावायचा सरकारी निर्णय झालाय, पण नरसू त्याच्या आधीचा. त्याच्या वहीवर आईचं नाव कुठेच नाही, आणि फी, वही, दप्तर सगळं तीच करते. माझ्या एका विद्यार्थ्यानं वहीवर स्वतःचं नाव आणि आडनाव लिहून मधली जागा मोकळी सोडली होती. खोडलं नव्हतं, नुसती जागा सोडली होती. मी काही बोलले नाही.

रोखठोक

सगळं ठीक आहे, पण शेवटी बापाला आणा. वाचक इतकं सोसून शेवटाला येणार आणि हाती काहीच नाही? गड्ड्याच्या गर्दीत दिसू दे, पोरगं धावत जाऊ दे. लोकांना आशा लागते.

निर्मळवाट

रोखठोक, आशा हवी हे मान्य. पण बाप गर्दीत सापडला की मुलाच्या अडीच वर्षांचं काय झालं हे विचारायला कुणी थांबणार नाही. सगळे मिठी बघतील.

मुलांच्या समुपदेशनाचं काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. पन्नासच्या दशकात जेम्स रॉबर्टसन आणि जॉन बोल्बी या दोघांनी इंग्लंडमध्ये आईवडिलांपासून दूर रुग्णालयात ठेवलेली लहान मुलं पाहिली. रॉबर्टसन यांनी १९५२ साली एका दोन वर्षांच्या मुलीची चित्रफीतही केली. मुलं आधी आकांत करतात, मग खचून गप्प होतात, आणि मग एक दिवस बरी दिसायला लागतात. खातात, खेळतात, परिचारिका म्हणतात रुळलं बाळ. पण आई भेटायला आली की ते बाळ तोंड फिरवतं. ते रुळणं नसतंच. पुन्हा दुखू नये म्हणून मुलानं आतून दार लावून घेतलेलं असतं. ती मुलं नरसूपेक्षा खूप लहान होती, तेव्हा जसंच्या तसं लावू नका. पण तुमचा शहाणा नरसू मला त्या तिसऱ्या अवस्थेतला वाटला. म्हणजे तो चुकीचा उतरलेला नाही, अर्धाच उतरलाय. दाराच्या आतलं लिहायचं राहिलंय.

पूर्वभागकरांनी "आहे" या शब्दाबद्दल लिहिलं ते फार मोलाचं आहे. अमेरिकेत पॉलिन बॉस यांनी सत्तरच्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांबरोबर काम केलं. माणूस मेला तर रडता येतं, दिवस घालता येतात, लोक भेटायला येतात. बेपत्ता माणसाचं काहीच करता येत नाही. शोक सुरूच होत नाही म्हणून संपतही नाही.

आणि या वयाच्या मुलाच्या मनात एक गोष्ट जवळजवळ नेहमी सापडते. आपल्यामुळे गेला. नरसूला विचाराल तर तो नेमका दिवस सांगेल. पाळण्यात दुसऱ्यांदा बसायचा हट्ट केला म्हणून, किंवा फोनवर बोलायला बोलावलं तेव्हा खेळात होतो म्हणून. मोठी माणसं गप्प असली की मूल कारण स्वतःच्या पदरचं भरतं. त्याला सगळ्यात आधी हवं असतं ते कुणीतरी स्वच्छ शब्दांत सांगणं, की हे तुझ्यामुळे झालं नाही. उत्तर अर्धं असलं तरी चालतं. "मलाही माहीत नाही" हेसुद्धा उत्तर असतं.

तेंदूपान

खातं काढून दोन वर्षं झाली, आज पहिल्यांदा लिहितेय.

सगळे म्हणताय आई गप्प का. मी त्या गप्प आईची मुलगी आहे. माझी आई रोज हजार विड्या वळायची. रात्री पानं भिजत घालायची, पहाटे उठून पत्र्याच्या मापानं कातरायची, मग सूप मांडीवर घेऊन बसायची. विडी कारखान्याच्या ब्रँचला नेल्यावर त्यातल्या कितीतरी खराब म्हणून बाजूला काढायचे. मी आणि भाऊ शाळेतून आलो की विड्यांची तोंडं मोडायला बसायचो. माझे वडील मी सात वर्षांची असताना गेले, कुठे ते आम्हाला अजून माहीत नाही.

आई बोलायची नाही कारण बोलली असती तर हात थांबला असता. हात थांबला की शंभर विड्या कमी. मला हे तिशीत कळलं. लहानपणी मला वाटायचं तिला काही वाटतच नाही. मी तिचा राग राग केला, वडिलांचा नाही. जो निघून गेला त्याची मी मनात पूजा केली आणि जी रोज भाकरी थापत होती तिच्याशी भांडले. ओंजळताई, हे तुमच्या गोष्टीत यायला हवं. पोरगं जवळ असलेल्यालाच चावतं, कारण ती कुठे जाणार नाही याची त्याला खात्री असते.

रेशनकार्डावर वडिलांचं नाव पहिलं होतं. लोक म्हणाले कमी करून घ्या. आईनं ते शेवटपर्यंत कमी केलं नाही. कुंभारीला विडी कामगारांच्या वसाहतीत घर मिळालं तेव्हा कागद करताना पुन्हा विषय निघाला, तेव्हाही नाही. मी चिडून विचारलं, कशाला ठेवलंय? ती म्हणाली, तुमच्यासाठी. बास, एवढंच. मला वाटतं तिची बोलण्याची तीच रीत होती.

खडू_फळा

तेंदूपान, लिहिलंत फार बरं झालं. तुमची आई डोळ्यासमोर आली.

पूर्वभागकर

+१. ताई, लिहीत राहा.

बसवेश्वर_गल्ली

मी वेगळ्याच वाटेनं येतो. नरसूच्या अव्वानं त्याला सिद्धरामाची, म्हणजे आपल्या सिद्धेश्वराची, गोष्ट सांगितली असेलच. सोलापूरचं पोर कुठल्याही भाषेचं असो, ही गोष्ट ऐकूनच वाढतं.

बाराव्या शतकातलं सोन्नलगी, म्हणजे आजचं सोलापूर. मुद्दगौडा आणि सुग्गलादेवीचा मुलगा सिद्धराम. फारसं न बोलणारं पोर, रानात गुरं राखायचं. एक दिवस मल्लय्या, म्हणजे श्रीशैलाचा मल्लिकार्जुन, जंगमाच्या वेषात आला, हुरडा खाल्ला आणि दहीभात मागितला. पोर धावत घरी गेलं, दहीभात घेऊन धावत आलं, तर मल्लय्या नाही. "मल्लय्या, मल्लय्या" अशा हाका मारत रानभर हिंडलं. श्रीशैलाला निघालेल्या यात्रेकरूंबरोबर तिथवर चालत गेलं. मंदिरात मूर्ती दाखवली तर म्हणालं हा नव्हे, माझ्याशी बोलला तो पाहिजे. शेवटी कड्यावर उभं राहिलं, उडी टाकणार तेव्हा मल्लिकार्जुनानं हात धरला. मग गावी परतून त्यानं तळं खोदलं, अडुसष्ट लिंगं स्थापली.

लहानपणी आजीनं मला ही गोष्ट कन्नडमधून सांगितली तेव्हा मी एकच विचारलं होतं. त्यानं दहीभात मागितला, पोर आणायला गेलं, मग तो थांबला का नाही? आजी म्हणाली, देवाची परीक्षा असते. माझं समाधान झालं नव्हतं. माझे वडील घरीच होते, तरी झालं नव्हतं. नरसूला हा प्रश्न किती लागेल विचार करा. तो वडिलांवर चिडू शकत नसेल, पण मल्लय्यावर चिडू शकेल. "थांबायला काय झालं होतं?" असं तो भर गड्ड्यात, नंदीध्वज समोरून जाताना अव्वाला मोठ्यानं विचारू दे. तिथं अक्षतांच्या गर्दीत म्हातारी काय उत्तर देईल ते तुम्ही ठरवा.

शेंगापोळी

यावरून डॉ. कोटणीस आठवले. सोलापूरचे, युद्धात चिनी सैनिकांवर उपचार करायला गेलेले. त्यांचा मुलगा यिनहुआ १९४२च्या ऑगस्टमध्ये चीनमध्ये जन्मला आणि ९ डिसेंबरला डॉक्टर गेले. बाळ चार महिन्यांचंही नव्हतं. त्याच्या नावात भारत आणि चीन दोन्ही आहेत. भैय्या चौकातल्या स्मारकात शाळेच्या सहली जातात, नरसूचीही जाऊ शकेल. त्या बाळालाही वडील आठवत नव्हतेच, पण त्याच्या वडिलांचं नाव अख्खं जग मोठ्यानं घेत होतं. नरसूच्या नायनाचं नाव घेतलं की घरात शांतता होते. दोघांत कुणाला जास्त जड गेलं असेल, मला सांगता येत नाही.

धोटा_कांडी

धागा सकाळपासून वाचतोय. लिहू की नको करत होतो.

मी भिवंडीला चौदा वर्षं काढली. बारा तासांची पाळी, एका खोलीत दहा जण, एक पाळी उठली की दुसरी त्याच अंथरुणावर झोपायची. मुलगा सोलापुरात. सगळे विचारता बाप फोन का बंद करतो, म्हणून सांगतो. एका महिन्यात पैसे पाठवता आले नाहीत. कारखाना बंद होता. पुढच्या आठवड्यात फोन केला नाही, कारण पैशाचं काय सांगू. त्याच्या पुढच्या आठवड्यात दोन आठवडे का केला नाही हेही सांगावं लागणार होतं. असं एकेक ओझं वाढत जातं. बायकोच्या शिव्या मी ऐकल्या असत्या. पण पोरगं फोन घ्यायचं आणि काय आणणार असं कधी विचारायचं नाही. कधी येणार एवढंच विचारायचं. त्याला मी तीन वेळा खोटी तारीख दिली. चौथ्यांदा देववेना, म्हणून फोन लावला नाही. सात महिने लावला नाही.

मी परत आलो, माझं नशीब. स्टेशनवर आला होता. मला बघून आईच्या मागे गेला आणि पदर तोंडावर घेतला. निर्मळवाट यांनी लिहिलंय ते वाचून आज मला त्याचा अर्थ लागला. तेव्हा मला वाटलं होतं, याच्या मनातून मी उतरलो. त्यानंतर वर्षभर मी कुठे निघालो, अगदी दूध आणायला, तरी तो दारात येऊन विचारायचा, किती वाजता येणार. मी वेळ सांगायचो आणि त्या वेळेच्या आधी यायचो. दुकानात गर्दी असली तर तसाच परत यायचो. घरातले हसायचे. पण मी वेळ चुकवली नाही.

नरसूच्या नायनाला वाईट करू नका. आणि त्याला माफही करून टाकू नका.

रोखठोक

दादा, मी माझं आधीचं म्हणणं मागे घेतो. बापाला आणायचं तर असं आणावं लागेल, आणि मग ती गोष्टच वेगळी होईल.

ओंजळ

तीन दिवस उत्तर दिलं नाही त्याबद्दल क्षमा करा. सगळं पुन्हा पुन्हा वाचत होते. तेंदूपान आणि धोटा_कांडी, तुम्हा दोघांचे आभार कसे मानू कळत नाही.

आता एवढं उमगलंय की मी नरसूला वाट बघायला बसवलं, कारण मला स्वतःला त्याच्या वडिलांची वाट होती. त्याला वडील यायला हवेत हे आहेच. पण त्याच्या आधी त्याला वडिलांबद्दल बोलायला मिळायला हवं. ते कसे होते, काय खायचे, कशाला हसायचे. मुलाला बाप मिळत नसेल तर निदान बापाच्या गोष्टी तरी मिळाव्यात. त्याही त्या घरात कुलपात आहेत. वडिलांना परत आणत नाही. नवा शेवट असा लिहिलाय, कच्चा आहे :

"गड्ड्याहून आल्यावर नरसूनं भिजवलेल्या पानांची पाटी लाथेनं उलटी केली. पाणी अव्वाच्या अंथरुणापर्यंत गेलं. अम्मानं हात उगारला आणि तसाच खाली घेतला. पानं गोळा करता करता ती म्हणाली, कुठं आहे मला ठाऊक नाही रे. सांगण्यासारखं असतं तर सांगितलं असतं. तू काही केलं नाहीस.

नरसू भिंतीला टेकून बसला. बऱ्याच वेळानं त्यानं पेटीमागून लपवलेला धोटा काढला. लाकूड झिजून गुळगुळीत झालेलं, टोकाचं लोखंड गंजलेलं. अम्माला तो धोटा घरात आहे हेच माहीत नव्हतं.

नायना दोरा कसा ओढायचा? त्यानं विचारलं.

अम्मानं ओले हात लुगड्याला पुसले. धोटा घेतला, भोकाला ओठ लावले आणि श्वास आत ओढला. दोरा नव्हताच. असा, ती म्हणाली. आणि मग थुंकायचा. सारखा थुंकायचा. मी ओरडायचे.

अजून काय करायचा?

अम्मानं सूप मांडीवर घेतलं. पण कात्री तशीच खाली राहिली."

पाटी उलटली म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या विड्या गेल्या, हे लक्षात आहे. त्याची भरपाई पुढच्या भागात तिला करावी लागेल. विडीच्या तपशिलात आणि भाषेत चुका असतील तर जरूर सांगा.

तेंदूपान

पाणी सांडलं तर पानं वाया जात नाहीत ताई. झटकून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतात, सकाळी चालतात. त्या रात्रीचं नुकसान नाही झालं तिचं. बोलत बसली तरी चालेल.

पूर्वभागकर

लुगडं नको, साडी लिहा. तिचं वय तिशीचं असेल. लुगडं अव्वाचं. बाकी धोट्याचं बरोबर आहे. पुढचा भाग कधी टाकताय?